नावंच्या पाठीचं माप

तुम्ही नदीच्या काठी उभे असाल आन् समोर पाण्यात नाव उभी असंल, तर खरं सांगा, तुमची नजर आधी कुठं जाती, पाण्याकडं का नावंच्या पाठीकडं? पाण्याकडंच जात असंल. समद्यांची तिकडंच जाती. आमची तर पिढ्यान् पिढ्या तिकडंच गेली, आन् त्याच्यापायी माझ्या मालकाची नदी सुटायची वेळ आल्ती, म्हणून इचारून राह्यले.

मी भागीरथी. भोयाची लेक, भोयाची सून. माहेर माझं जाफराबादकडचं, पूर्णेच्या काठचं. पूर्णा म्हणायची आपली. उन्हाळ्यात तिच्यात घागर बुडंल एवढं पाणी धुंडायला आम्हा पोरींची सकाळ जायची, वाळूत झिरा करून वाटीनं पाणी भरायचो, बाप माझा हातजाळं घेऊन गुडघाभर पाण्यात दिवसभर फिरायचा आन् आम्ही तिलाच नदी म्हणायचो, कारण दुसरी पाह्यलीच न्हवती. निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं, हिकडं अंबड तालुक्यात, गंगाथडीला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बैलगाडीतून उतरले, अंगाची हळद अजून वली, तर आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, मला घरात न्हाई नेलं, हाताला धरून आधी घाटावर नेलं आन् म्हणली, हिला आधी बघ, मंग देव्हारा. मी बघितलं, आन् काय सांगू तुम्हाला, पाय वाळूत रुतल्यावानी झाले. पाणी संपतच न्हवतं. पल्याडचा काठ बीड जिल्ह्याचा, तिकडची माणसं मुंगळ्यावानी दिसून राह्यली व्हती, आन् मधी ते पाणी गप पडलेलं, हिरवं, मंग काळं, ऊन त्याच्यावर पडायचं पण आत शिरायचं न्हाई. म्हणलं, आत्याबाई, ह्याचा तळ कुठंय? म्हणली, ज्यानं बघितला तो सांगायला वर आला न्हाई.

तो आसरांचा डोह. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, साती बहिणी. वैशाखात आम्ही तिथं हिरव्या बांगड्या, खण, दहीभात सोडतो. तवा बाया काठावरूनच सोडायच्या, डोहात उतरत न्हवत्या, ती रीत. गडीमाणसं सांगायची का कळकाला कळक बांधून खाली सोडला तरी टेकला न्हाई. खरं का खोटं, मी कुठं बघायला गेल्ते, पण त्या डोहाजवळून जाताना बोलणारा माणूस गप व्हायचा एवढं मी बघितलंय, अजून बी बघते.

आता कळकाचं सांगते, कारण समदं तिथंच अडलं व्हतं. आमच्याकडं नाव वल्ह्यानं कमी आन् कळकानं जास्ती चालती. लांब बांबू, खालच्या टोकाला लोखंडी बोंड, वरच्या टोकाला बाभळीचं आडवं लाकूड, त्याला कुबडी म्हणतात. कळक तळाला टेकवायचा, कुबडी खांद्याला लावायची, आन् नावंच्या कडंनं पुढून मागं चालत जायचं, म्हणजे माणूस मागं जातो आन् नाव पुढं. उतार पाणी असंल तर खांद्याला आखूड कळक, मोठं पाणी असंल तर लांब. जेवढं पाणी खोल तेवढा कळक लांब, हे आमच्या पोरांना चालायच्या आधी कळतं. डोहातून मात्र कळक चालत न्हाई, तिथं काठाकाठानं वल्हं मारत जायचं.

मासा डोहात आन् बाजार वरच्या घाटाला, अशी आमची गत. डोहाच्या वरच्या तोंडाला एक कातळ आडवा पडलाय, पाण्याच्या खाली, पार अल्याडपासून पल्याडपर्यंत. त्याला आम्ही उंबरा म्हणतो. डोहात हत्ती बुडंल, आन् उंबऱ्यावर पावसाळा सोडला तर माणसाच्या मांडीएवढं पाणी, ते बी उड्या मारत येतं. तो उंबरा चढून, धारेच्या उलटं, वरच्या घाटाला नाव न्यायची, जाळी भरलेली, तर मासा हातात असताना ऊन डोक्यावर यायचं. तवर मासा मऊ पडलेला. ठेकेदाराचा माणूस घाटावर बसूनच असायचा, नाक धरायचा आन् म्हणायचा, अरे ह्याला कुत्रं खाईना. आन् तेच मासं टोपलीत घालून न्यायचा बरं का. डोह तवा ठेक्यानं जायचा. पाणी कुणी पेरलं न्हाई, मासा कुणी पाळला न्हाई, पाण्यात पाय घातला न्हाई त्या माणसानं जलमात, तरी डोह त्याचा आन् आम्ही त्याचे. मंग आमच्या लोकांनी सोसायटी केली. लिंबाजीआप्पा चेरमन, पागोट्याचा माणूस, सही येत न्हवती पण ठेकेदारासमोर उभा राह्यचा तर ठेकेदार उठून उभा राह्यचा. सोसायटीनं डोह घेतला. त्या दिवशी गावात असं झालं, जसं पुन्हा एकदा निजाम गेला. पण उंबरा काही सोसायटीला भीत न्हवता, तो तिथंच.

माझे मालक रंगनाथ. नाव घेत न्हाई मी, तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेतलं. त्या काठावर त्यांच्यावानी कळक मारणारा न्हवता. उंबरा चढताना बाकीच्या नावंवर चौघं लागायचे, ह्यांच्या नावंवर दोघं. उजव्या खांद्यावर कुबडीनं घट्टा पडलेला, बैलाच्या मानंवर पडतो तसा, मी तेल लावायचे तर म्हणायचे, लाव, लाव, तिथंच आपली भाकर हाय. मंग एका वर्षी, पावसाळा सरून गेल्ता, धार अजून जोरात व्हती, उंबऱ्याच्या फटीत कळकाचं बोंड अडकलं, नाव फिरली, ह्यांनी कळक सोडायचा व्हता तो सोडला न्हाई, नाव सुटंल म्हणून, आन् खांदा सुटला. हाडवैद्यानं बसवला, झाडपाला बांधला, पण हात छातीच्या वर जाईना तो जाईनाच. मंग माणूस घाटावर बसू लागला. सकाळी जायचं, दुसऱ्यांच्या नावा चढताना बघायचं, संध्याकाळी घरी यायचं. हासणं गेलं. पोळा झाला तशी एक दिवस म्हणले, भागे, जालन्याला जीनमधी कापूस वढायला माणसं पाहिजेत, एका हातानं बी काम व्हतं म्हणतात. माझ्या माहेरचा एक माणूस जीनमधी व्हता, त्याच्या छातीत कापूस भरला व्हता, बोलताना आधी खोकला यायचा मंग माणूस. आत्याबाईनं ते ऐकलं. म्हणली, पाण्याचं माणूस रुईत कोंडून मरायला पाठीवतीस व्हय गं? जशी काही मीच पाठीवत व्हते.

त्याच वर्षी आम्ही हैदराबाद स्टेटातून निघून मुंबई राज्यात गेल्तो, आन् मच्छी खात्याचे एक साहेब घाटावर आले. तरणे व्हते, धोतर घालून वाळूत बसले आमच्यात, चहा पेले. म्हणले, एक इंजन येऊन राह्यलंय, नावंच्या पाठीला अडकवायचं, खाली लांब दांडा, दांड्याच्या तळाला पंखा, तो पाण्यात फिरतो आन् नाव आपआपली धारेवर चढती. कळक नको, खांदा नको. एका हातानं चालतं. एका हातानं म्हणल्याबराबर मी घरधन्याकडं बघितलं. ते साहेबाकडं बघून राह्यले व्हते, आन् त्यांचा बरा हात मांडीवर मुठीत गच्च.

मंग साहेब म्हणले, दांडा दोन जातीचा येतो, आखूड आन् लांब. तुम्हाला कोणता पाहिजे? झालं, समदा घाट एकदम वरडला, लांब! आप्पा हासले, म्हणले, साहेब, आमचा डोह बघितला न्हाई तुम्ही, त्याला कळक पुरत न्हाई, आखूड दांडा काय करतो? साहेब म्हणले, आप्पा, नावंची पाठ किती उंच हाय त्याच्यावर असतं ते, मापून सांगाल का? तर समदे एकमेकांकडं बघू लागले. कारण आमच्यात पाण्यात उतरलेल्या नावंला माप लावत न्हाईत. बांधताना सुताराच्या पुढं काय मापायचं ते मापा, पण एकदा नारळ फुटला, नाव पाण्यात गेली, का ती जिवंत झाली, आन् जिवंताला दोरी लावत न्हाईत. दोरी लावून माणूस मापतात ते कधी, तिरडी बांधताना, तुम्हाला मालूम हाय. आप्पा म्हणले, माप नका मागू साहेब, डोह हाय तेवढा खोल हाय, लांबच पाठवा. साहेबानं लई इचार केला, म्हणले, बरं, नदी तुमची. चूक कुणाचीच न्हवती हो. आम्ही जलमभर कळक निवडला तसाच दांडा निवडला.

इंजन आलं. मोटारीनं अंबडपर्यंत, तिथून बैलगाडीत, कडब्यावर निजवून, वरून गोधडी, जशी बाळंतीण आणावी. त्याच्यासंगं करीममिस्त्री आल्ते, जालन्याच्या जीनमधले, तिथलं तेलाचं इंजन तेच सांभाळायचे, आप्पांनी पाया पडून आणले. ते उतरताच म्हणले, मैं तो सूखे का मिस्त्री हूँ अम्मा, पानी में मैं भी नया. गोधडी काढली आन् बाया पुढं सरकल्या. डोकं लोखंडाचं, वर पिट्रोलची टाकी, खाली दांडा, आन् दांड्याच्या तळाला तीन पाकळ्यांचं पितळी फूल. एवढंसं. माझ्या दोन हातांच्या पंज्यात मावंल एवढं. मी म्हणलं, हे नाव वढणार? बारा माणसांची नाव, हे? आत्याबाईनं कुंकू लावलं, हळद लावली, आन् कपाळावर हात मारून म्हणली, अगं बाई, ही तर रवी हाय, गंगा घुसळायला निघालेत हे. समदा घाट हासला. हे बी हासले, किती महिन्यांनी.

सोसायटीची मोठी नाव, तिच्या पाठीच्या फळीला इंजन अडकवलं, करीममिस्त्रीनं दोरी गुंडाळली, वढली, पुन्हा वढली, आन् मंग जे झालं ते मी मरंपर्यंत इसरायची न्हाई. आवाज आला. पल्याडच्या कड्यावर आपटून माघारी आला. डोहावरचे बगळे समदे एकदम उठले, पांढरं आभाळ झालं. कुणाचा हात न्हाई, कुणाचा खांदा न्हाई, आन् नाव डोहाच्या मधोमध चालली, जिथून आमच्या आज्यानं पणज्यानं नाव नेली न्हाई तिथून, मागं पाण्याला नुसती शेपटी फुटली पांढरी. काळ्या पाण्याच्या पोटातून पांढरं पाणी निघू शकतं हे मला मालूमच न्हवतं. आप्पांनी पागोटं काढून हातात घेतलं. एक म्हातारी खाली वाकून वाळूला डोकं टेकवून राह्यली. मला अंगावर काटा, आन् एक भीती बी, का आता खालच्या देवी काय म्हणतील.

मंग नाव उंबऱ्याला आली. खण्ण करून आवाज झाला. इंजन एकदम किंचाळलं आन् नाव थांबली, आडवी झाली, धारेनं माघारी आली. दांडा लांब, पंखा खाली गेलेला, आन् उंबऱ्यावर मांडीभरच पाणी. दगडाला लागून पंख्यातला पितळी खिळा तुटला. मिस्त्री म्हणले, खिळा तुटला ते चांगलं, न्हाई तर फूलच तुटलं असतं, तो तुटायलाच असतो. दुसरा घातला. दुसरा बी तुटला. इंजन डोहात वाघ, आन् उंबऱ्यावर उंदीर. आन् डोहात आम्हाला इंजनाची गरजच काय, काम तर उंबऱ्याचंच व्हतं.

गडीमाणसं म्हणली, वर उचला. पाठीच्या फळीवर लाकडाचा भला मोठा ठोकळा ठिवला, त्याच्यावर इंजन चढवलं. आता पंखा दगडाला लागेना, पण पाण्याला बी लागेना. वर निघून फडफडायचा, फेस करायचा, इंजन असं वरडायचं का काठावरची लेकरं कान झाकायची, आन् नाव जागच्या जागी. करीममिस्त्री हासून राह्यले, ये हवा खा रहा है अम्मा, इसको पानी दो पानी. दोन दिवस हेच. वर करा, खाली करा, गडी एकमेकांवर वरडायचे, आन् मापाची गोष्ट कुणी काढायचंच न्हाई, फक्त डोळ्यानं अंदाज, रिकामी नाव काठाला लावून. साहेब आले, त्यांनी बघितलं, लई वाईट वाटलं त्यांना. म्हणले, आप्पा, खाली आष्टीच्या अंगाला परतूर तालुक्यातल्या एका गावानं हेच इंजन मागितलंय. येत्या बाजारापर्यंत तुमच्याकडं चाललं न्हाई तर मला ते द्यावं लागंल. आप्पा म्हणले, बराबर हाय. त्या रात्री ह्यांनी भाकर खाल्ली आन् म्हणले, भागे, माझं धोतर धुवून ठिव, बाजाराच्या दिवशी जालन्याची मोटार धरतो.

सकाळी आत्याबाई ताक करून राह्यली व्हती. आमच्याकडं एक म्हैस व्हती. डेरा नवीन आल्ता, कुंभाराकडून, जुना फुटला व्हता, आन् मी जुनीच रवी दिली तिला. तिनं रवी आत घातली आन् खर्र करून तळाला लागली. माझ्यावर खेकसली, म्हणली, अगं डोळे कुठंयत तुझे, ह्या डेऱ्याची मान आखूड, काठ बघून रवी निवडतात का ताक बघून? मी म्हणलं, आत्याबाई, तुम्हीच तर म्हणल्या व्हत्या तळाला पोचली पाहिजे. म्हणली, कवा म्हणले? फूल ताकात बुडलं पाहिजे, तळाला लागलं न्हाई पाहिजे, बस. आन् रिकाम्या डेऱ्यात रवी धरून काय बघतीस, ताक वतून बघ, डेरा भरला का मंग कळतं. असं म्हणली, आन् रवी हातात तशीच राह्यली. माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. मंग ती म्हणली, भागे, मुडदा बशिवला ह्या बाप्यांचा, हे ताक मोजून राह्यलेत.

रवी घेऊनच ती घाटावर गेली. मी मागं पळत. आप्पा, मिस्त्री, सोसायटीचे गडी समदे तिथं. हे जरा लांब, दगडावर, पाठ करून. आत्याबाईनं रवी उगारून इचारलं, अरे, तुम्ही डोह बघून दांडा घेतला, पण दांडा तळाला टेकवायचा हाय का? आप्पा म्हणले, न्हाई. मंग डोहाची खोली घेऊन काय लोणचं घालायचंय? दांडा नावंच्या पाठीवरून सुटतो, त्या पाठीपासून पाणी किती खाली, आन् पाण्याच्या खाली फूल बुडंल एवढं, तेवढाच त्याचा संबंध. आन् ते बी रिकाम्या नावंला न्हाई, माणसं बसवून, कारण माणसं बसली का पाठ खाली जाती. करीममिस्त्री टाळी वाजवून म्हणले, अम्मा, बिलकुल! हम तो खाली नाव पे लगा रहे थे! आप्पा मात्र पागोट्याला हात लावून म्हणले, वहिनी, बोलणं खरं हाय, पण नावंला दोरी लावू कशी? तुमच्या मालकानं बांधलेली नाव हाय ही.

माझ्या सासऱ्यानं बांधली व्हती ती नाव, हे सांगायचं राह्यलंच. आत्याबाईनं जाऊन नावंच्या कडंवरून हात फिरवला. मंग म्हणली, दोरी नका लावू. हात लावा. लेकरू वाढलं का न्हाई हे आपण वीत लावूनच बघतो, त्यानं काय लेकरू मरतं? आन् मग ह्यांच्याकडं वळून म्हणली, लेका, ऊठ. नावंत बस. पाठीपाशी. हे म्हणले, मी कशाला, माझं काय काम? म्हणली, जो चालवणार तो बसला पाहिजे, त्याच्या वजनानं माप. ते उठंनात. खांदा गेल्यापासून नावंत पाय ठिवला न्हवता त्यांनी. समदे गडी खाली बघून राह्यले. मंग मी म्हणलं, धोतर धुवायचंच हाय, वलं झालं तर झालं. तसे उठले.

बाकीचे गडी बसले, जाळी भरली, मासं नव्हते तर वाळूच्या टोपल्या ठिवल्या मासळीएवढ्या. हे पाठीपाशी. आन् आत्याबाईनं मला ढकललं. म्हणली, नवरा तुझा, वीत तुझी. मी म्हणलं, आत्याबाई, डोह हाय. बाया उतरत न्हाईत. तिनं पदरातून हिरवी बांगडी काढली, स्वतःच्या हातातली, पाण्यात सोडली आन् हात जोडून म्हणली, बायांनो, माझी सून येऊन राह्यली, लेकीवानी बघा. मंग मी उतरले.

काय सांगू तुम्हाला ते पाणी. वर ऊन, कंबरेपर्यंत कोमट, आन् खाली पाय गेले तिथं थंडगार, जसं काही त्या पाण्याला अजून सकाळच झाली न्हवती. नावंच्या पाठीच्या फळीला एक हात धरून लोंबकळले, पायाखाली काहीच न्हाई. खाली बघितलं तर माझेच पाय हिरवे दिसून राह्यले, आन् त्यांच्या खाली काळं. भीती वाटायला पाहिजे व्हती. वाटली न्हाई. असं वाटलं का एवढं मोठं कुणीतरी मला तळहातावर धरून हाय, आन् त्याला घाई न्हाई. मी वीत लावली. फळीच्या काठापासून पाण्यापर्यंत, एक वीत आन् वर चार बोटं. मंग पाण्याखाली हात घातला, कोपरापर्यंत, फूल पुरं बुडून त्याच्यावर पसाभर पाणी राहील एवढं. वरून ह्यांचा आवाज आला, हळूच, पाणी थंड हाय का गं? मी म्हणलं, उतरून बघा की. तर म्हणले, नको, माझं वजन कमी व्हईल आन् माप चुकंल. सगळे गडी हासले. मी तोंड पाण्यात घातलं, कारण माझे डोळे भरून आल्ते आन् पाण्यात ते दिसत न्हाई.

माझा हात दांड्यावर लावून बघितला तर दांडा जास्तच व्हता, पण लई जास्त न्हवता, एका मुठीएवढा. आता मुठीएवढं लाकूड कुठून आणायचं, ते बी इंजनाच्या हादऱ्यानं फुटायचं न्हाई असं? हे उठून घरी गेले. आले ते कळक घेऊन आले, त्यांचा. वरची कुबडी बाभळीची, मुठीएवढीच जाड, घामानं काळी झालेली, खांद्यानं घासून गुळगुळीत. सुतारानं करवत लावली तेव्हा आत्याबाईनं डोळे मिटले. मी उघडेच ठिवले. कुबडी फळीवर खिळ्यांनी बसवली आन् तिच्यावर इंजन.

दोरी ह्यांनीच वढली, डाव्या हातानं. नाव डोहातून निघाली, भरलेली, आन् उंबऱ्याकडं गेली. काठावरून आम्ही संगं संगं पळून राह्यलो, बाया, लेकरं, आप्पा पागोटं सांभाळत. उंबरा आला. नावंचं तोंड वर उचललं, धार दोन्ही अंगांनी फुटली, आन् इंजनाचा आवाज बदलला, जाड झाला, जसा बैल चिखलातून गाडी काढताना करतो तसा, आन् नाव हळूहळू, हळूहळू, पाण्याच्या त्या पायरीवर चढली. दगड लागला न्हाई. हवा खाल्ली न्हाई. वरच्या घाटाला गेली तर सावल्या अजून लांबच व्हत्या. हे पाठीपाशी बसलेले, एक हात इंजन वळवायच्या दांडीवर, दुसरा मांडीवर उघडा, मूठ न्हवती. मला दुरून दिसलं. त्या माणसानं जलमभर नदीला ढकललं व्हतं, आन् त्या दिवशी पयल्यांदा तो नुसता बसून तिच्याकडं बघून राह्यला व्हता.

आता तीन-चार सालं झाली. परवा महाराष्ट्र झाला म्हणून घाटावर गूळ वाटला. इंजन चालून राह्यलंय, कधी रुसतं, करीममिस्त्री येऊन त्याला शिव्या घालतात, चालतं. जालन्याची मोटार ह्यांनी धरली न्हाई. आत्याबाईला आता दिसत न्हाई फारसं, पण आवाजावरून सांगती, नाव डोहात हाय का उंबऱ्यावर, आन् उंबऱ्यावर आली का हातातलं काम थांबवती, चढली का पुन्हा सुरू. वैशाखात बाया आता डोहात कंबरेपर्यंत उतरून बांगड्या सोडतात. रीत कुणी बदलली इचारलं तर समद्या म्हणतात, आम्हाला न्हाई मालूम.

तुम्ही लिहून घेऊन राह्यले तर शेवटी एक लिहा, आन् वाचणाऱ्याला सांगा का नुसतं वाचू नको. आष्टीकडच्या त्या गावाला आता त्यांचं सोताचं इंजन मिळून राह्यलंय, आन् तिथले बी म्हणून राह्यलेत, आमचा डोह तुमच्याहून खोल, लांब दांडा पाहिजे. आणखी किती गावं म्हणतील. तुम्ही गंगेच्या काठानं, पूर्णेच्या काठानं, कुठल्या बी काठानं जात असाल आन् कुणी पाण्याकडं बोट दाखवून दांडा मागत असंल, तर थांबा तिथं. पुढं जाऊ नका. म्हणावं, नाव भरा. जो चालवणार हाय त्याला पाठीपाशी बसवा, त्याचा खांदा कसा का असंना. मंग पाण्यात उतरा आन् दोरी नका लावू, आपली वीत लावा.